नवीन युकुलेले खराब निघालं तर काय करायचं, सोलापूरवाल्यांसाठी

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करून ठेवा. वॉरंटी कार्डावर एक वर्ष लिहिलेलं असू दे नाहीतर दोन, तुमची खरी ताकद पहिल्या आठवड्यातच असते, कारण ऑनलाइन घेतलेल्या वस्तूची परत द्यायची मुदत बहुतेक वेळा सात किंवा दहा दिवसांची असते आणि तेवढ्यात बोललात तर अख्खा पीस बदलून मिळतो, त्यानंतर बोललात की "सर्व्हिस सेंटरला पाठवा, तपासून सांगतो" हे सुरू होतंय. आणि सोलापुरात बसून सर्व्हिस सेंटर म्हणजे पुणे नाहीतर मुंबई. म्हणून वाद्य आल्या आल्या कव्हरमध्ये घालून "परीक्षा संपल्यावर शिकू" म्हणून कपाटावर ठेवू नका, त्याच दिवशी तपासा.

पार्सल फोडताना मोबाईल कोणाच्यातरी हातात द्या आणि सलग व्हिडिओ काढा, मध्ये कट नको, आधी खोक्याच्या सहा बाजू मग टेप कापताना मग वाद्य. खोकं फेकू नका, परत पाठवायला तेच लागतंय. खोक्यावरच्या स्टिकरचा जवळून फोटो घ्या. इम्पोर्टेड माल असेल तर त्यावर इम्पोर्टरचं नाव, पत्ता आणि ग्राहक सेवेचा नंबर छापणं कायद्यानं बंधनकारक आहे आणि पुढं विक्रेता फोन उचलेनासा झाला की हाच पत्ता कामाला येतो. युकुलेलेच्या भोकातून आत डोकावलं की लेबल दिसतंय, त्यावर मॉडेल आणि असला तर सिरियल नंबर असतो, त्याचाही फोटो. बिल कोणाच्या नावावर आहे ते बघा, कारण बऱ्याच कंपन्या वॉरंटी फक्त पहिल्या खरेदीदाराला देतात, आणि पुण्याच्या मावसभावानं गिफ्ट पाठवलं असेल तर तक्रार त्यालाच करायला लावा.

आता तपासणी. चारही तारा जी सी ई ए ह्या सुरांत ट्यूनर ॲपवर (सूर दाखवणारं मोबाईलचं ॲप) लावून घ्या. अर्ध्या तासात सगळ्या तारा उतरल्या तर लगेच "डिफेक्टिव्ह पीस" म्हणून बोंबलू नका, नवीन नायलॉनच्या तारा ताणत राहतात, आठवडाभर तरी रोज लावाव्या लागतात, मग कमी कमी होत थांबतंय. खुंटी खराब आहे की तार ताणतेय हे असं ओळखायचं: तार हळूहळू उतरते, आणि खुंटी सरकत असेल तर सूर तुमच्या डोळ्यांसमोर धपकन खाली येतो, खुंटीचं बटणही उलटं फिरलेलं दिसतंय. बटणाच्या टोकाला छोटा स्क्रू असतो, तो पाव फेरी आवळून बघा, तेवढ्यानं थांबलं तर विषय संपला, नाही थांबलं तर खुंटी बदलून मागा. हा एक स्क्रू सोडून कुठल्याही गोष्टीला स्क्रूड्रायव्हर लावायचा नाही.

भणभण हा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात गोंधळाचा विषय, इथं जरा वेळ काढा. शांत खोलीत बसा, पंखा बंद करा (मे महिन्यात सोलापुरात पंखा बंद म्हणजे तपश्चर्याच, पण दहा मिनिटं काढा), आणि एकेक तार घेऊन मोकळी, मग पहिला फ्रेट (मानेवर आडवी बसवलेली धातूची पट्टी), दुसरा, तिसरा असं बाराव्यापर्यंत सारख्या जोरानं छेडत जा. बोट फ्रेटच्या अगदी मागं ठेवा, लांब ठेवलं तर चांगलं वाद्यही भणभणतंय. कागदावर लिहीत जा, कुठली तार, कुठला फ्रेट.

मोकळी तारच फक्त भणभणत असेल आणि दाबल्यावर स्वच्छ वाजत असेल तर मानेच्या वरच्या टोकाला जी पांढरी पट्टी असते, नट, तिची खाच जास्त खोल कापली गेलीय. खात्री करायला त्या खाचेत तारेखाली कागदाचा बारीक तुकडा सरकवा, भणभण गेली तर निदान पक्कं. समजा पाचवा फ्रेट दाबल्यावर भणभण येतेय आणि सहावा दाबला की गायब, तर सहावा फ्रेट वर उचललेला आहे. मग एखादं मुदत संपलेलं एटीएम कार्ड घ्या, त्याचा सरळ कडेचा एवढाच तुकडा कापा की जेमतेम तीन फ्रेटवर बसेल, कारखान्यात कापलेली कड खाली ठेवा, आणि पाच-सहा-सातवर टेकवून दोन्ही टोकं आलटून पालटून दाबा. कार्ड डुललं, टिक टिक आवाज आला, की मधला फ्रेट उंच आहे. ह्या डुलण्याचा दहा सेकंदांचा व्हिडिओ काढा. कस्टमर केअरवाल्याला तुम्ही कितीही सांगा "आवाज चांगला येत नाही", त्याला काही फरक पडत नाही, पण डुलणारं कार्ड बघितलं की तो पुढं काही बोलत नाही.

सगळीकडेच, कुठंही वाजवा, थरथर येत असेल तर फ्रेट सोडा आणि बाहेरचं बघा. ब्रिजच्या (बॉडीवर तारा जिथं बांधतात ती लाकडी पट्टी) मागं तारेची लांब शेपटी ठेवलेली असते आणि ती लाकडावर टेकून वाजते, हे मी लई वेळा बघितलंय, ती नेलकटरनं छाटली की काम झालं. खुंटीला आवळलेलं नट-बोल्टचं नट सैल, पट्ट्याचं बटण सैल, पिकअपवाल्या (आवाज स्पीकरला पाठवायची सोय असलेल्या) मॉडेलला बॅटरीचं झाकण सैल, हे सगळं बोटानं दाबून धरत वाजवून बघा. आतून खडखड आली तर मात्र आतली लाकडी पट्टी सुटलेली असू शकते आणि तो सरळ सरळ डिफेक्ट.

एक गंमत सांगतो. आपल्याकडं मिरजेला तंबोऱ्याच्या घोडीला घासून घासून जवारी काढतात ती तार घोडीवर हलकी घासून भरून वाजावी म्हणून, म्हणजे तिकडं भणभण आणायला कारागीर वर्षं घालवतो आणि इकडं आपण ती घालवायला धडपडायचं. त्यामुळं एखादा तंतुवाद्यवाला "अहो हे तर गोड वाजतंय" म्हणाला तर त्याचं चुकत नाही, पण युकुलेलेला ते चालत नाही.

सूर बरोबर बसतोय का ते बाराव्या फ्रेटवर कळतंय. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला बोट नुसतं टेकवून छेडा, बोट लगेच उचला, घंटीसारखा सूर येईल. मग तोच फ्रेट नेहमीसारखा दाबून छेडा. दोन्ही ॲपवर सारखे यायला पाहिजेत. पाच सेंटपर्यंत (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग, ॲपवर दिसतो) फरक असेल तर सोडून द्या, स्वस्त वाद्यात चालतंय आणि जोरात दाबलं तरी तेवढा फरक पडतो. दहाच्या वर गेलं आणि चारही तारांना तसंच असेल तर तक्रार करा. बाराव्याला बरोबर आणि पहिल्या-दुसऱ्या फ्रेटलाच सूर चढतोय असं असेल तर नट उंच आहे. ह्याला कंपन्या "सेटअपचा (तारांची उंची वगैरे जुळवायच्या कामाचा) भाग" म्हणून हात वर करतात, तेव्हा डिफेक्ट म्हणू नका, "सेटअप करून द्या" म्हणा, बऱ्याच विक्रेत्यांकडं ते फुकट किंवा किरकोळ पैशात होतंय.

आता लाकूड. ब्रिजच्या मागच्या कडेला पातळ कागद लावून बघा आत शिरतोय का. शिरला तर ब्रिज सुटायला लागलाय आणि हा वॉरंटीतला सगळ्यात सोपा क्लेम. भेग आहे की नुसती लाकडाची रेघ आहे हे डोळ्यानं कळत नाही, रात्री लाईट घालवून मोबाईलचा टॉर्च भोकापाशी धरून आत उजेड सोडा आणि बाहेरून बघा, कुठून उजेड बाहेर आला की ती भेग, रेघेतून उजेड येत नाही. मानेसाठी तार पहिल्या फ्रेटला आणि जिथं मान बॉडीला मिळते तिथं एकदम दाबा, मध्ये कागद जाईल एवढी फट असली तर ठीक. जास्त वाकलेली असेल तर थांबू नका, गिटारसारखा मानेत सळईचा रॉड बहुतेक युकुलेलेत नसतोच, त्यामुळं आवळून सरळ करायचा पर्याय नाही, बदलूनच घ्यायचं.

इथं सोलापूरचं ऊन मध्ये येतंय. कंपनीचं ठरलेलं उत्तर असतंय की उष्णता आणि ओलाव्यामुळं झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, आणि आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर आणि हवा कोरडी ठणठणीत, म्हणजे त्यांना आयतंच कोलीत. लाकडी वाद्याला चाळीस ते साठ टक्के आर्द्रता मानवते. सॉलिड लाकडाचा वरचा पत्रा असलेलं महागडं मॉडेल कोरड्या हवेत आकसून फाटू शकतं, प्लायवाल्या लॅमिनेटला तेवढी भीती नाही, म्हणून माझं मत विचाराल तर पहिलं युकुलेले इथं लॅमिनेटच घ्यावं. फिंगरबोर्ड (मानेवरची फ्रेट बसवलेली लाकडी पट्टी) आकसला की फ्रेटची टोकं बाहेर येऊन हाताला टोचतात, आल्या दिवशीच तळहात मानेच्या कडेवरून फिरवून बघा, तेव्हाच टोचत असेल तर ते तुमच्या उन्हानं झालेलं नाही हे तारखेवरूनच सिद्ध होतंय. पत्र्याच्या खोलीत भिंतीला टांगू नका, गाडीत तर बिलकुल ठेवू नका, केसमध्ये ठेवा आणि आत एक छोटा डिजिटल आर्द्रता मीटर टाका. त्याचा अधूनमधून फोटो काढून ठेवला की वाद घालायला बरं पडतंय.

काहीही सापडलं तरी स्वतः चिकटवाचिकटवी करायची नाही. ब्रिजखाली फेविक्विक सोडलं की वॉरंटी गेली आणि नंतर दुरुस्त करणारासुद्धा शिव्या घालतो, कारण तो सगळा गम खरवडावा लागतो. फ्रेटला कानस लावायची नाही, ओळखीच्या गिटार सरांनाही लावू द्यायची नाही, निदान क्लेमचा निकाल लागेपर्यंत.

तक्रार लेखीच करा, फोनवर बोललात तरी मागून ईमेल नाहीतर चॅट टाका. भावना नकोत, असं लिहा: "बिल नंबर अमुक, डिलिव्हरी अमुक तारखेला. ए तारेवर पाचव्या फ्रेटला भणभण येते, सहावा फ्रेट उंच आहे, कार्ड टेकवून काढलेला व्हिडिओ जोडला आहे. वाद्यावर कोणतीही दुरुस्ती केलेली नाही. पीस बदलून द्यावा किंवा रक्कम परत करावी, कधीपर्यंत कराल ते लेखी कळवा." एवढंच. "क्वालिटी एकदम थर्ड क्लास" वगैरे लिहिलं की त्यांना मुद्दा सोडून माफी मागायला वाव मिळतो आणि आठवडा निघून जातो. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणं तक्रार मिळाल्याचं ४८ तासांत कळवायचं आणि महिन्याभरात निवारण करायचं असतंय, हे मेलमध्ये एका ओळीत नमूद करा, उत्तराचा सूर बदलतो.

नवी पेठेत किंवा गावातल्या दुसऱ्या दुकानातून घेतलं असेल तर काम सोपं आणि अवघड दोन्ही. सोपं कारण दुकानदारासमोर ठेवून वाजवता येतंय, घेतानाच वरची सगळी तपासणी तिथंच करा, तो थोडा वैतागेल, वैतागू दे की. अवघड कारण बिल म्हणून कच्ची चिठ्ठी मिळते आणि तिच्यावर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" छापलेलं असतंय. त्या छापील ओळीला घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं आणि बिल न देणं ही दोन्ही अनुचित व्यापारी प्रथा धरलीय, बिलावर मुदत लिहिली नसेल तर तीस दिवस धरतात. आवाज न चढवता "पक्कं बिल द्या" एवढं म्हणा, जीएसटी नंबर असलेलं.

सर्व्हिसला पाठवायची वेळ आलीच तर तारा थोड्या सैल करा, पूर्ण काढू नका, मानेखाली आणि डोक्याभोवती कागदाचे गोळे नाहीतर जुनी चादर (आपल्याकडं काय तोटा) गच्च भरा, कारण कुरिअरमध्ये मोडतं ते बहुतेक मानेचं डोकं. पाठवायच्या आधी सगळीकडून फोटो. कुरिअरचा खर्च कोणी द्यायचा ते आधी लेखी विचारा. पुण्यात सेंटर असेल तर मी तर म्हणतो हुतात्मा एक्सप्रेसनं सकाळी स्वतः घेऊन जावं आणि रात्री परत यावं, समोर वाजवून दाखवलं की "आमच्याकडं तर प्रॉब्लेम दिसला नाही" हे ऐकावं लागत नाही. हातात जॉब शीट (दुरुस्तीला घेतल्याची पावती) घेतल्याशिवाय मात्र तिथून हलायचं नाही, आणि त्यावर दोष तुमच्या शब्दांत लिहून घ्या.

इतकं करून टोलवाटोलवी चालूच राहिली तर १९१५ ला फोन लावा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलता येतंय, डॉकेट नंबर (तक्रारीचा नंबर) मिळतो आणि बऱ्याच कंपन्या तिथूनच हलतात. त्याच्या पुढं जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता दिल्लीचा असो नाहीतर बेंगळुरूचा, तुम्ही राहता तिथं म्हणजे सोलापुरातच केस टाकता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही होतंय, आणि मुदत दोन वर्षांची. तीन हजाराच्या वाद्यासाठी एवढं कोण करतंय असं वाटेल, खरंय, पण लेखी नोटीस गेली की प्रकरण बहुतेक तिथंच मिटतं आणि नोटिशीला खर्च स्पीड पोस्टाचा.

बदललेला पीस आला की तोही तसाच तपासायचा, व्हिडिओपासून कार्डापर्यंत सगळं, कारण कधी कधी दुसऱ्याकडून परत आलेलंच खोक्यात भरून पाठवतात, जुन्या तारा आणि ब्रिजपाशी नखाचे ओरखडे दिसले की समजायचं. आणि नवीन पीसची वॉरंटी आजपासून की जुन्या बिलापासून, हे मेलवर विचारून उत्तर सेव्ह करून ठेवा.