फिजीतली नावं वाचताना
नकाशावर 'एन-ए-डी-आय' दिसलं की 'नाडी' म्हणू नका. विमानतळाचं ते शहर आहे नांदी. फिजियन भाषेची लिपी रोमन आहे, पण १८३०च्या दशकात मिशनऱ्यांनी ती बसवताना एका ध्वनीला एकच अक्षर ठेवलं. म्हणून 'डी'च्या आधी न् आणि 'बी'च्या आधी म् न लिहिताच येतो. 'क्यू' म्हणजे 'अंगण'मधला ङ्ग. 'जी' मात्र नुसता ङ, आणि आपल्याला जड जातो तो हाच. 'अंगण' म्हणताना ग फुटायच्या आधीच थांबा, जमेल. 'सी' म्हणजे जिभेचं टोक दातांत धरून काढलेला, घासत जाणारा द: निरोपाचा 'मोदे' असाच म्हणतात. स्वर मराठीसारखेच सरळ. जोर बहुधा शेवटून दुसऱ्यावर.