बांधकाम परवानगी लवकर हवी असेल तर
फाइल अडकते ती अनेकदा आकड्यांवर. मालकीच्या कागदावर प्लॉटची रुंदी ९ मीटर आणि नकाशात ९.१५ असेल, तर जलद मंजुरीची योजना असूनही त्रुटीपत्र येऊ शकतं. म्हणून अर्जाआधी मोजणी, मालकीचे कागद आणि नकाशा शेजारी ठेवून क्षेत्रफळ, सामासिक अंतरं (इमारतीभोवती प्लॉटच्या हद्दीपर्यंत मोकळी सोडायची जागा), उंची स्वतः ताडून बघा. आर्किटेक्टवर सोडू नका.

नूतनीकरणात रंग, फरशी यांना बऱ्याच ठिकाणी परवानगी लागत नाही. भिंत पाडायची असेल तर ती भार पेलणारी आहे का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आधीच लेखी घ्या. अर्ज तपासणाऱ्या कार्यालयाकडून शंका निघाल्या तर सगळ्यांची उत्तरं एकदमच द्या. आणि मधेच ‘एक बाल्कनी वाढवू’ नको. नकाशा बदलला की तपासणी पुन्हा पहिल्यापासून होऊ शकते.