सोन्याच्या फॉइलच्या भरणीला ओप देण्यापूर्वीची तयारी

दाताच्या मानेशी, हिरडीलगत केलेल्या सोन्याच्या फॉइलच्या (पातळ पत्र्याच्या) भरणीला ओप द्यायचा असेल, तर सर्वांत आधी रबर डॅम (दात वेगळा आणि कोरडा ठेवणारा रबरी पडदा) जागेवर पक्का आहे का, हे पाहावे. सोने ठोकून झाले म्हणून तो काढण्याची घाई करू नये. हिरडी मागे सारून धरणारा २१२ क्रमांकाचा क्लॅम्प किंचितही हलत असेल, तर कंपाउंड (उष्णतेने मऊ होऊन पुन्हा घट्ट होणारा लगदा) मऊ करून त्याचा आधार पुन्हा बसवावा, कारण कानस चालू असताना क्लॅम्प घसरला तर मुळावर पडलेला ओरखडा कायमचा राहतो.

त्यानंतर टोक शाबूत असलेला एक्सप्लोरर, म्हणजे कड चाचपण्याचे टोकदार हत्यार, घेऊन भिंगाखाली भरणीची संपूर्ण कड फिरावी आणि सोने सर्वत्र कडेच्या थोडे बाहेर आले आहे, याची खात्री करावी. ही तपासणी होईपर्यंत सोने तावण्याचा स्पिरिटचा दिवा आणि फॉइलच्या उरलेल्या गोळ्या आवरू नयेत. तावलेले शुद्ध सोने थंड असतानाच सोन्याला जुळते. १८५५ साली अमेरिकी दंतवैद्य रॉबर्ट आर्थर यांनी व्यवहारात आणलेला हा गुण पृष्ठभाग स्वच्छ आणि कोरडा असेपर्यंतच उपयोगी पडतो. कडेला कुठे उणे असेल तर भर तेव्हाच घालावी. एकदा व्हॅसलीन किंवा पॉलिशची भुकटी लागली की नवे सोने जुन्याला धरत नाही.

हत्यारांमध्ये पहिला मान बर्निशरचा, म्हणजे सोनाराच्या ओपणीच्या भावंडाचा. ओतीव सोन्याची घनता दर घन सेंटीमीटरला १९.३ ग्रॅम असते, तर ठोकून भरलेल्या सोन्याची साधारण १४ ते १५ भरते. हा फरक आत राहिलेल्या बारीक पोकळ्यांचा असतो. बर्निशरने जोर देऊन घासल्यावर वरच्या थरातील पोकळ्या मिटतात आणि तो थर कठीणही होतो. हे काम अर्धवट सोडून घासण्याच्या चकत्या चालवल्यास छिद्रे उघडी पडतात, आणि अशा भरणीवर कितीही पॉलिश केले तरी ती डागाळलेलीच दिसते. म्हणून बर्निशरचे तोंड गुळगुळीत, ओरखड्यांविना असावे.

जास्तीचे सोने काढण्यासाठी कानस आणि गोल्ड नाइफ आदल्या दिवशीच धार लावून ठेवावेत. बोथट पाते सोने कापत नाही, ओढते, आणि ओढलेले सोने कडेपासून सुटते. हात नेहमी सोन्याकडून दाताकडे किंवा कडेला समांतर चालवावा, उलट कधीही नाही.

चकत्या खरखरीतपासून बारीकपर्यंत वापरण्याच्या क्रमाने मांडाव्यात आणि त्यांना व्हॅसलीनचे अगदी पुसट बोट लावावे. मुळाचे सिमेंटम (मुळावरचा पातळ थर) चकतीखाली फार लवकर झिजते, त्यामुळे हिरडीकडच्या कडेवर शक्य तितके काम हातानेच उरकावे, असे माझे ठाम मत आहे.

प्युमिसची (सच्छिद्र ज्वालामुखी दगडाची) बारीक भुकटी आणि टिन ऑक्साइड वेगवेगळ्या वाट्यांत, कोरड्या ठेवाव्यात. प्रत्येकीसाठी स्वतंत्र मऊ रबर कप असावा, अन्यथा प्युमिसचा एखादा कण शेवटच्या पॉलिशवर रेघ ओढतो. हँडपीसचा (कप फिरवणाऱ्या यंत्राचा) वेग कमी ठेवावा आणि हवेचा हलका झोत धरण्याचे काम सहायकाला आधीच समजावून द्यावे. सोन्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता एनॅमलच्या (दाताच्या बाहेरच्या कठीण थराच्या) शेकडो पट असल्याने कपच्या घर्षणाची ऊब थेट दाताच्या गाभ्याकडे जाते, आणि भूल दिलेला रुग्ण तक्रार करू शकत नाही. कप काही क्षण टेकवावा, उचलावा, पुन्हा टेकवावा.

भरणी पुढच्या दाताची असेल, तर प्युमिसवरच थांबणे मला अधिक योग्य वाटते. मंद पोताचे सोने बोलताना लकाकत नाही. डॅम काढण्यापूर्वी भुकटी पाण्याने धुऊन शोषून घ्यावी, कडेवरून एक्सप्लोरर सोन्याकडून दाताकडे आणि दाताकडून सोन्याकडे असा दोन्ही बाजूंनी फिरवावा, आणि क्लॅम्प उतरवल्यावर हिरडीच्या खाचेत कंपाउंडचा तुकडा राहिलेला नाही, हे पाहूनच रुग्णाला खुर्चीवरून उठू द्यावे.