जपानमध्ये नवा संसार मांडताना या चुका टाळा

टोकियोच्या पूर्वेकडे एदोगावा प्रभागात, निशिकासाई स्थानकाच्या आसपास, भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. आमचा जपानमधला संसार तिथेच सुरू झाला. माझा नवरा सहा महिने आधी आला होता, त्यामुळे घराचा करार, वीज, गॅस, इंटरनेट आणि दोन्ही मोबाइल असे सगळे त्याच्या नावावर होते, आणि त्यात काही खटकावे असे आम्हा दोघांनाही वाटले नव्हते. मग एका सकाळी इंटरनेट बंद पडले. मी चौकशीच्या क्रमांकावर फोन लावला, मोडक्यातोडक्या जपानीत अडचण सांगितली, तेव्हा पलीकडच्या बाईंनी अतिशय नम्रपणे विचारले, ‘गोहोन्निनसामा देसु का?’ ज्यांच्या नावावर करार आहे ती व्यक्ती तुम्हीच का, असा त्याचा अर्थ. मी ‘नाही, पत्नी’ म्हटल्यावर त्यांनी तितक्याच नम्रपणे माफी मागितली आणि संभाषण संपवले. रात्री साडेआठला नवरा घरी पोहोचला तेव्हा चौकशीची वेळ संपून गेली होती.

नव्या जोडप्यांची सर्वांत मोठी चूक मला हीच वाटते. बाहेरचा जपान एकाने सांभाळायचा आणि घर दुसऱ्याने, अशी वाटणी नकळत होते, आणि अडचण मात्र नेमकी घरात असलेल्या माणसासमोर उभी राहते. करार करतानाच जोडीदाराचे नाव कुटुंबीय म्हणून नोंदवता येईल का, हे विचारून घ्यावे. निदान एक मोबाइल आणि एक बँक खाते पत्नीच्या, किंवा नोकरी पत्नीची असेल तर पतीच्या, स्वतःच्या नावावर असावे. पुष्कळ बँका जपानमध्ये सहा महिने पूर्ण होईपर्यंत नवख्यांना खाते देण्यास नाखूश असतात. टपाल खात्याच्या बँकेत मात्र ते त्या मानाने लवकर उघडता येते. एकाचे काम दुसऱ्याने करायचे झाल्यास ‘इनिनजो’, म्हणजे अधिकारपत्र, लागते. त्याचा कोरा नमुना घरात ठेवलेला बरा.

कागदपत्रांतल्या चुका

विमानतळावर हाती पडणारे झाइर्यू कार्ड, म्हणजे निवासाचे ओळखपत्र, घरातल्या कपाटात जपून ठेवण्याची आपल्याला सवय असते. जपानमध्ये ते कायम जवळ बाळगणे १६ वर्षांवरील प्रत्येक परदेशी रहिवाशाला बंधनकारक आहे आणि न बाळगल्यास २ लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. राहण्याची जागा ठरल्यापासून १४ दिवसांच्या आत कुयाकुशोमध्ये, म्हणजे प्रभाग कार्यालयात, पत्ता नोंदवावा लागतो. घर बदलले की पुन्हा तेच करावे लागते, आणि प्रभागही बदलला तर जुन्या कार्यालयात निघाल्याची नोंद आधी करावी लागते, हे अनेकांच्या लक्षातच राहत नाही.

आश्रित व्हिसावर आलेल्या जोडीदाराला नोकरी करायची असेल तर इमिग्रेशनकडून वेगळी परवानगी घ्यावी लागते. त्यासाठी शुल्क नाही, शिक्का कार्डाच्या मागच्या बाजूस येतो आणि कामाची मर्यादा आठवड्याला २८ तासांची असते. दोन ठिकाणी काम केले तरी तास एकत्रच मोजले जातात. ‘पुण्याच्या कंपनीचे थोडे काम घरून करते, त्याला कशाला परवानगी?’ असे म्हणणाऱ्या मैत्रिणींना मी एवढेच सांगते की आधी इमिग्रेशनला विचारून घ्या, कारण प्रश्न व्हिसाच्या नूतनीकरणाच्या वेळी निघतो आणि तेव्हा मागचे काही दुरुस्त करता येत नाही.

भारतात सुट्टीवर जातानाची चूक याहून महाग पडते. जपान सोडताना विमानतळावर भरायच्या छोट्या कागदावर, आपण परत येणार आहोत अशा अर्थाच्या चौकटीत खूण करावी लागते. ती केली की ‘मिनाशी साइन्यूकोकु’ या सवलतीखाली एक वर्षाच्या आत त्याच व्हिसावर परत येता येते. खूण राहिली तर निवासाचा दर्जाच संपुष्टात येतो. हे वर्ष परदेशात राहून वाढवून मिळत नाही, आणि कार्डाची मुदत त्याआधी संपत असेल तर तीच तारीख खरी मानायची. बाळंतपणासाठी माहेरी गेलेल्या मुलींच्या बाबतीत हे हमखास घडते: सातव्या महिन्यात निघायचे, बारसे झाले की परतायचे असा बेत असतो, मग बाळ लहान म्हणून मुक्काम लांबतो आणि कार्डाची तारीख कोणीच पाहत नाही. भारतात जन्मलेल्या बाळाचा व्हिसाही नव्याने, जपानमधून पात्रतेचे प्रमाणपत्र मागवून काढावा लागतो, त्याला लागणारा वेळ आधीच हिशेबात धरावा. बाळंतपण जपानमध्येच होणार असेल तर जन्माची नोंद १४ दिवसांत आणि बाळाच्या निवासाच्या दर्जासाठी अर्ज ३० दिवसांत करावा लागतो; २०२३ च्या एप्रिलपासून आरोग्य विम्यातून मिळणारी प्रसूतीची रक्कम सर्वसाधारणपणे ५ लाख येन आहे.

नावाच्या घोळाबद्दल कोणी आधी सांगत नाही. मराठी माणसाच्या पासपोर्टवर स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि आडनाव असा मोठा ऐवज असतो. तो कार्डावर रोमन लिपीत जसाच्या तसा येतो, पण बँक, विमा आणि पगाराचे काम काताकानावर, म्हणजे परदेशी शब्द लिहिण्याच्या जपानी लिपीवर, चालते. जपानीत ‘ळ’ नाही आणि ‘ल’ही नाही, त्यामुळे काळे आडनावाच्या माणसाचे ‘कारे’ होते (करीलाही जपानी लोक ‘कारे’च म्हणतात, हा विनोद काळे मंडळींनी आयुष्यभर सहन करायचा). दीर्घ स्वरासाठी काताकानात आडवी रेघ देतात. ती पहिल्या अक्षरानंतर द्यायची, दुसऱ्यानंतर द्यायची की द्यायचीच नाही, यावरून एकाच आडनावाची तीन रूपे तयार होतात आणि बँकेच्या संगणकाच्या लेखी ती तीन वेगळी माणसे ठरतात. परिणामी पैसे परत जातात. पहिल्याच आठवड्यात दोघांनी आपापल्या नावाचे काताकानातले एक रूप ठरवावे, कागदावर लिहून पाकिटात ठेवावे आणि प्रत्येक अर्जावर तेच, रेघेसकट, उतरवावे.

स्वयंपाकघरातली दुरुस्ती

जपानमध्ये भाड्याचे घर बहुधा रिकामे मिळते आणि पुष्कळ घरांत गॅसची शेगडी आपणच विकत घ्यायची असते. इथे पहिली चूक होते ती गॅसचा प्रकार न पाहता शेगडी घेण्याची. नळाने येणाऱ्या शहरी गॅसची शेगडी वेगळी, सिलिंडरच्या गॅसची वेगळी, आणि एकीची दुसऱ्या गॅसवर वापरणे धोक्याचे असते. मायदेशी परतणाऱ्या ओळखीच्या कुटुंबाकडून शेगडी स्वस्तात मिळत असली तरी तिच्यावरची चिठ्ठी वाचल्याशिवाय घेऊ नये. गॅस सुरू करून देण्यासाठी कर्मचारी घरी येतो आणि त्या वेळी घरात कोणीतरी हजर असावे लागते, म्हणून ही वेळ राहायला जाण्याच्या दिवसाचीच मागून घ्यावी. नाहीतर पहिली रात्र गार पाण्यावर निघते.

दुसरा प्रश्न भाकरीचा. आमच्याकडे पहिली भाकरी टाकली, ती एका बाजूने जेमतेम भाजली, आणि ज्योत आपोआप खाली गेली. मी बटण फिरवले, ती वाढली आणि पुन्हा उतरली. तिसऱ्या खेपेला शेगडीने दोनदा पिंपिं केले आणि ती बंदच झाली. शेगडी बिघडली असे समजून आम्ही दुकानात गेलो, तेव्हा उलगडा झाला. २००८ च्या ऑक्टोबरपासून दोन किंवा अधिक बर्नरच्या घरगुती शेगड्यांत प्रत्येक बर्नरच्या मधोमध तापमान ओळखणारा सेन्सर असतो. तळणीच्या तेलाला आग लागू नये म्हणून भांड्याचा तळ साधारण २५० अंशांपर्यंत तापला की तो ज्योत कमी करतो, आणि कोरडा लोखंडी तवा त्याला तापलेल्या तेलासारखाच वाटतो. बऱ्याच शेगड्यांवर ‘कोओन इतामे’, म्हणजे जास्त आचेवर परतण्यासाठी, असे बटण असते. ते सुमारे तीन सेकंद दाबून धरले की मर्यादा काही वेळापुरती वर जाते आणि भाकरी फुगते. बटण प्रत्येक बर्नरला असेलच असे नाही, म्हणून शेगडी घेतानाच विचारावे. सेन्सरवर फॉइल गुंडाळण्याचा किंवा तो वाकवून ठेवण्याचा उपाय काही जण मोठ्या अभिमानाने सांगतात, तो मुळीच करू नये. डब्याच्या गॅसवर चालणाऱ्या छोट्या शेगडीवर मोठा तवा ठेवणेही तसेच घातक आहे, कारण तव्याची धग थेट गॅसच्या डब्यावर पोहोचते.

मिक्सरची कथा थोडक्यात सांगते. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची आहे आणि आपला मिक्सर २३० व्होल्टचा, त्यामुळे पिन बदलून तो फिरतो, पण ओले खोबरे तसेच राहते. व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा तर तो मिक्सरच्या वॉटपेक्षा बऱ्याच जास्त क्षमतेचा घ्यावा, किंवा अमेरिकेसाठी बनवलेला ११० व्होल्टचा भारतीय मिक्सर आणावा. पूर्व जपानात वीज ५० हर्ट्झची आणि पश्चिमेत ६० हर्ट्झची आहे, कारण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टोकियोने जर्मन यंत्रे घेतली आणि ओसाकाने अमेरिकन. म्हणून टोकियोहून ओसाकाला बदली झाली तर जुना मायक्रोवेव्ह नेण्याआधी त्यावरचा आकडा पाहावा. मिक्सर कोणताही असला तरी सकाळी सहाला चटणी वाटू नये; भिंती पातळ असतात आणि शेजारी तक्रार तुमच्याकडे न करता थेट घराच्या व्यवस्थापनाकडे करतात.

तळणीचे उरलेले तेल मोरीत ओतू नये. ते घट्ट करणारी पूड किराणा दुकानात मिळते. ती गरम तेलात ढवळून तेल थिजू द्यावे आणि जळणाऱ्या कचऱ्यात टाकावे. फोडणीचा चिकट थर आणि हळदीचे डाग घर सोडताना अनामत रकमेतून वजा होऊ शकतात. नेहमीच्या वापराने होणारी झीज घरमालकाने सोसायची आणि निष्काळजीपणाने झालेले नुकसान भाडेकरूने, अशी सरकारी मार्गदर्शक सूचना १९९८ पासून आहे. तिचा आधार घ्यायचा असेल तर राहायला आल्या दिवशीच प्रत्येक भिंतीचे आणि फरशीचे तारखेसह फोटो काढून ठेवावेत.

कचरा, कर आणि सायकल

कचऱ्याचे वेळापत्रक प्रभागानुसार बदलते, म्हणून मित्राच्या घरचे वेळापत्रक आपल्या घरी लावू नये. टोकियोच्या प्रभागांत कचरा सकाळी आठपर्यंत ठेवायचा असतो; आदल्या रात्री ठेवला तर कावळे पिशव्या फोडतात. साधारण ३० सेंटिमीटरहून मोठी वस्तू ‘सोदाई गोमी’ ठरते: आधी नोंदणी करायची, कोम्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातून, शुल्काची चिकटपट्टी आणून लावायची आणि ठरल्या दिवशी वस्तू बाहेर ठेवायची. फ्रिज, टीव्ही, एसी आणि धुलाई यंत्र मात्र यातून वगळलेले आहेत. त्यांच्यासाठी २००१ पासून स्वतंत्र पुनर्वापर कायदा आहे आणि पैसेही वेगळे भरावे लागतात. घर सोडण्याच्या शेवटच्या आठवड्यात नोंदणी करायला गेलात तर तारीख मिळेलच याची खात्री नसते.

‘जूमिन्झेई’ हा रहिवासी कर मागच्या वर्षीच्या उत्पन्नावर लागतो. पहिल्या वर्षी तो नसतो, त्यामुळे हाती येणारा पगार हाच आपला खरा पगार असे समजून लोक खर्चाचा बेत आखतात, आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षीच्या जूनपासून उत्पन्नाच्या सुमारे १० टक्के रक्कम कापली जाऊ लागते. १ जानेवारीला जपानमध्ये राहत असाल तर पुढे मायदेशी परतलात तरी त्या वर्षीचा कर चुकत नाही.

परतणाऱ्या मित्राकडून सायकल घेतली तर तिची नोंदणी आपल्या नावावर करून घ्यावी, अन्यथा रात्री पोलिसांनी थांबवले की सायकल चोरीची नाही हे सिद्ध करत बसावे लागते. सायकल चालवताना फोन हाती धरण्याबद्दलचे नियम नोव्हेंबर २०२४ पासून कडक झाले आहेत आणि एप्रिल २०२६ पासून १६ वर्षांवरील स्वारांना त्यासाठी जागेवर १२,००० येनांची दंडाची चिठ्ठी मिळते.

भूकंप झाला त्या दिवशी

आम्ही राहत होतो त्या एदोगावा प्रभागाची सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पातळीखाली आहे. २०१९ मध्ये प्रभागाने पुराचा जो नकाशा घरोघर वाटला, त्यावर प्रभागाच्या चित्रातच ‘इथे थांबू नका’ असे छापले होते. असा नकाशा जपानी भाषेत आहे म्हणून जाहिरातींच्या गठ्ठ्यात टाकून देणे ही चूक करू नये. भूकंपात जायची जागा आणि पुरात जायची जागा वेगळी असू शकते, तेव्हा दोन्ही जागा दोघांनी मिळून पायी जाऊन पाहाव्यात, आणि १७१ या क्रमांकावर आपत्तीच्या काळात निरोप कसा ठेवायचा हे शिकून घ्यावे. दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला त्याचा सराव करता येतो.

टोकियोत २०१३ पासून असलेल्या नियमानुसार मोठा भूकंप झाल्यास कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना एकदम घरी सोडू नये आणि त्यांच्यासाठी तीन दिवसांचे अन्नपाणी साठवून ठेवावे, अशी अपेक्षा आहे. याचा अर्थ, ऑफिसला गेलेला जोडीदार पहिले तीन दिवस घरी येणार नाही असे धरून चालायचे. घरात जो असेल त्याला ब्रेकर कुठे आहे, पाणी कुठे साठवले आहे आणि गॅस पुन्हा कसा सुरू करायचा हे माहीत हवे. जोराचा धक्का बसला की दाराबाहेरच्या कपाटातला गॅसचा मीटर आपोआप बंद होतो. गॅसचा वास येत नाही ना, हे आधी पाहावे. येत असेल तर कशालाही हात न लावता कंपनीला कळवावे. वास नसेल तर घरातल्या सगळ्या शेगड्या आणि बंब बंद करावेत, मीटरच्या बटणावरचे टोपण काढून बटण आत दाबावे आणि सोडावे, लाल दिवा लुकलुकू लागला की गॅस न वापरता तीन मिनिटे थांबावे, आणि दिवा विझला म्हणजे पाणी तापवायला ठेवावे.