हिशेबाचा जुना प्रोग्राम असताना नवा संगणक कसा घ्यावा

कोल्हापूरच्या मार्केट यार्डातील ज्या गूळ अडत दुकानात शेतकऱ्याची हिशेबपट्टी अजून डॉसच्या (विंडोजच्या आधीच्या संगणक प्रणालीच्या) काळातील प्रोग्राममधून निघते, त्या दुकानाने संगणक बदलताना कंपनीचे नाव सर्वांत शेवटी पाहावे. विंडोज 11 केवळ 64 बिट स्वरूपात मिळते आणि त्यावर 16 बिटचे प्रोग्राम, म्हणजे डॉसच्या काळातील बहुतेक, थेट चालत नाहीत. 32 बिटचे बहुतेक चालतात. म्हणून प्रोग्राम आणि डेटा यांची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि विक्रेत्याच्याच यंत्रावर ती चालवून पाहावी.

नुसता पडदा उघडला म्हणजे काम झाले, असे समजू नये. वजन, दर, हमाली, तोलाई भरून एक पूर्ण पट्टी काढावी आणि ती कागदावर छापून घ्यावी, कारण खरी अडचण बहुधा तिथेच येते. नव्या यंत्रांना डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा 25 पिनांचा पोर्ट सहसा नसतो आणि यूएसबीची जोडवायर लावली तरी डॉसचा प्रोग्राम थेट एलपीटी1 या जुन्या प्रिंटर पोर्टवरच छपाई पाठवत असल्याने प्रिंटर ढिम्म राहतो. अशा वेळी आभासी यंत्रात (नव्या संगणकातच प्रोग्रामने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकात) जुनी 32 बिट विंडोज इंटरनेटशिवाय चालवणे किंवा प्रोग्राम नव्याने लिहून घेणे, असे मार्ग उरतात. डेटा डीबीएफ या जुन्या तक्तावजा फाइलींत असेल तर तो लिबरऑफिस कॅल्क या मोफत तक्त्यांच्या प्रोग्राममध्ये उघडतो. संगणकाच्या जुन्या अक्षर-संकेतांत साठवलेली मराठी नावे मात्र सहसा थेट वाचता येत नाहीत.

‘आम्ही याच कंपनीचे जुने गिऱ्हाईक’ हा अभिमान यात फारसा कामाला येत नाही. 1963 साली हनीवेल कंपनीने आयबीएम 1401 या संगणकाचे प्रोग्राम आपल्या हनीवेल 200 वर चालवण्याची सोय देऊन आयबीएमचीच गिऱ्हाइके ओढली, तेव्हा आयबीएमलाही 1964 च्या सिस्टिम/360 मालिकेतील काही यंत्रांवर 1401 चे अनुकरण, म्हणजे तिचे प्रोग्राम चालवण्याची सोय, पुरवावे लागले. पुढे इंटेलच्या इटॅनियम या 64 बिटच्या प्रोसेसरवर जुने प्रोग्राम मंद चालत असताना प्रतिस्पर्धी एएमडीने 2003 मध्ये ते पूर्ण वेगाने चालवणारी 64 बिटची रचना बाजारात आणली आणि अखेर इंटेलनेही तीच स्वीकारली. जुने काम जो चालवून दाखवेल त्याच्याकडे जावे, मग पाटी कोणाचीही असो.

एक्स्चेंजमध्ये सूट मिळते म्हणून जुने यंत्र लगेच देऊन टाकू नये. दिवाळी पाडव्याचे सौदे तोंडावर असतील तर बदल पुढे ढकलावा आणि नव्या यंत्रावरील पट्ट्या जुन्याशी पैशापैशाने जुळेपर्यंत दोन्ही यंत्रे शेजारी शेजारी चालू ठेवावीत.