चिलापी आणि इतर लहान माशांसाठी गळ, तंगूस व आमिष यांची निवड

मराठवाड्यातील पाझर तलाव, शेततळी, कोल्हापुरी बंधारे आणि नाथसागर, येलदरी, माजलगाव यांसारख्या जलाशयांचे उथळ काठ येथे हौशी मासेमाराच्या गळाला बहुधा तळहाताएवढी चिलापी (तिलापिया) लागते. या माशाचे तोंड लहान असते आणि साहित्याची सगळी निवड त्या तोंडाच्या मापावर ठरते. त्यामुळे खरेदीची सुरुवात काठीपासून न करता गळापासून करावी. रोहू-कटल्यासाठी घेतलेला मोठा गळ चिलापीच्या तोंडात मावत नाही. ती कडेचे आमिष टोकरून खाते आणि गळ रिकामा वर येतो.

गळाचा क्रमांक जितका मोठा तितका गळ लहान, हे ध्यानात ठेवून ८ ते १२ क्रमांकाचे, बारीक तारेचे आणि लांब दांडीचे गळ घ्यावेत. बारीक तार गांडुळाला फाडत नाही, तर लांब दांडीमुळे खोल गिळलेला गळ माशाला फारशी इजा न करता काढता येतो. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, ०.१६ ते ०.२० मिलिमीटर जाडीचे पुरेसे आहे. पाण्यात बुडालेल्या बाभळी किंवा काठची बेशरमाची झुडपे असतील तेथे ०.२२ पर्यंत जावे, कारण लहान मासे नेमके अशाच आडोशाला थांबतात आणि गळ लागताच फांद्यांकडे धाव घेतात.

फ्लोटवर, म्हणजे मासा लागल्याची खूण देणाऱ्या तरंगत्या तुकड्यावर, थोडा अधिक विचार करावा. चिलापी आमिष ओढून नेण्यापेक्षा तोंडात घेऊन पारखते आणि जडपणा जाणवताच थुंकते. त्यामुळे जाड, गोल फ्लोटपेक्षा पेन्सिलीसारखा सडपातळ फ्लोट निवडावा आणि त्याचे केवळ टोक पाण्याबाहेर राहील इतके शिशाचे बारीक मणी तंगूसावर, गळापासून वीतभर वर, दाबून बसवावेत. असा तोललेला फ्लोट माशाने आमिष नुसते उचलले तरी किंचित वर येतो किंवा आडवा पडतो. झटका तेव्हाच, मनगटाने आणि हलका द्यावा. फ्लोट पूर्ण बुडण्याची वाट पाहणाऱ्याचे बरेच मासे निसटतात.

आमिष म्हणून गांडुळाचा नखाएवढा तुकडा किंवा घट्ट मळलेल्या कणकेची हरभऱ्याएवढी गोळी लावावी, मात्र गळाचे टोक पूर्ण झाकू नये.

कृत्रिम आमिषांबाबत (लूअर) माझे मत सावध आहे. उत्तर अमेरिकेत ब्लूगिल नावाचा असाच लहान तोंडाचा मासा मिळतो. तो मुख्यतः कीटक व त्यांच्या अळ्या खातो, म्हणून अर्धा ते दीड ग्रॅम वजनाच्या जिगवर (वजनदार डोक्याचा गळ) किंवा छोट्या स्पिनरवर (ओढताना फिरणारी चकचकीत पत्री) तो सहज झेपावतो. चिलापीच्या आहारात शेवाळ आणि कुजका वनस्पतिजन्य गाळ यांचा वाटा मोठा असल्याने ती जिगवर बहुधा विणीच्या काळात, उथळ पाण्यात उकरलेल्या घरट्याचे रक्षण करताना, चिडून तोंड टाकते. तरीही लूअर वापरायचेच असेल तर ते एक ग्रॅमच्या आसपासचे घ्यावे व शक्य तितके सावकाश ओढावे. पाणी स्वच्छ असताना फिका, तर काळ्या मातीने गढूळलेल्या पावसाळी पाण्यात काळा किंवा भडक पिवळा रंग निवडावा.

काठासाठी दहा-बारा फुटांची सरळ, टोकाकडे निमुळती होणारी वेळूची काठी उत्तम आणि नवशिक्याने तीच घ्यावी. लूअर लांब फेकायचे असल्यासच साडेपाच ते साडेसहा फुटांची अल्ट्रालाइट (अगदी हलकी) काठी व १००० आकाराचे छोटे रीळ विकत घ्यावे; जड काठीने एक ग्रॅमचे वजन फेकलेच जात नाही.

जलाशयांतील मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, म्हणून गळ टाकण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्यावी. नाथसागराचा परिसर जायकवाडी पक्षी अभयारण्यात येत असल्याने तेथे वन विभागाचे नियमही लागू होतात.

सोबत लांब चोचीची पक्कड ठेवावी. चिलापीच्या पाठीवरचे काटे टोचतात, तेव्हा हात ओला करून तो डोक्याकडून शेपटीकडे सरकवत पर दाबून धरावा आणि मगच गळ काढावा.