सीलचा क्रमांक सीलवरूनच वाचावा

रासायनिक शस्त्रांच्या निरीक्षकपदासाठी माझी निवड झाली, तेव्हा प्रयोगशाळेतील अनेक वर्षांच्या अनुभवामुळे प्रशिक्षण आपल्याला जड जाणार नाही, असे मी गृहीत धरले होते. पहिल्याच सराव-तपासणीत ते खोटे ठरले. नमुन्याच्या बाटलीला लावलेल्या सीलचा क्रमांक मी सीलवरून न वाचता आधी तयार केलेल्या यादीवरून नोंदपत्रकात उतरवला आणि त्यातील दोन आकड्यांची अदलाबदल झाली. नमुना योग्य जागेवरून घेतलेला होता, उपकरणे अचूक होती, तरीही प्रशिक्षकांनी तो बाद ठरवला. त्या दिवशी वाटलेली शरम अजून पुरती गेलेली नाही.

नवोदितांना ही कारकुनी चूक वाटते, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. तपासणीत घेतलेल्या नमुन्याचा एक भाग यजमान देशाकडे राहतो, आणि बाहेर पाठवलेल्या नमुन्याचे विश्लेषण किमान दोन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत होते. बाटली ज्या ज्या हातांतून जाते, त्या प्रत्येकाची सही, वेळ आणि सीलचा क्रमांक एकमेकांशी जुळावा लागतो. एका ठिकाणी जरी तफावत पडली, तरी ‘हा नमुना आमच्या कारखान्यातला कशावरून?’ असे विचारण्याचा पूर्ण अधिकार त्या देशाला मिळतो, आणि या प्रश्नाला रसायनशास्त्रात उत्तर नाही. म्हणून एकाने क्रमांक मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने लिहावा आणि नंतर दोघांनी भूमिका बदलून तो पुन्हा पडताळावा. थकव्याच्या वेळी तर हे टाळूच नये, कारण चूक नेमकी तेव्हाच होते.

मार्गदर्शक निवडताना माझा एक आग्रह आहे. मोहिमांच्या रोमहर्षक आठवणी सांगणाऱ्यांपेक्षा तुमचे नोंदपत्रक लाल शाईने भरून परत देणारा माणूस शोधावा. चार दिवसांच्या अभ्यासक्रमांच्या प्रमाणपत्रांवर माझा विश्वास नाही. कारखान्यातील नळ्या, झडपा आणि टाक्या पाहून तेथे प्रत्यक्षात काय तयार होत असेल हे ओळखण्याची नजर त्यांतून येत नाही. ज्यांनी उत्पादन विभागात वर्षे काढली आहेत, त्यांनी मात्र पदवी साधी आहे म्हणून मागे हटू नये. त्यांची ही नजर पथकाला खरोखर हवी असते.

आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. १९९७ मध्ये अमलात आलेल्या रासायनिक शस्त्रबंदी कराराची अंमलबजावणी पाहणाऱ्या हेगच्या संघटनेत सेवेची मुदत सर्वसाधारणपणे सात वर्षांची असते. तेथे निवृत्तीपर्यंतची नोकरी मिळेल अशी आशा धरू नये. सध्याच्या नोकरीतून दीर्घ रजा मिळत असेल, तर राजीनामा देण्याआधी तिची लेखी मंजुरी घ्यावी. मी ती घेतली नाही आणि सातव्या वर्षी अर्ज लिहिण्यास पुन्हा पहिल्यापासून बसलो. काम मिळाले, पण त्याला अकरा महिने लागले.